क्वाबेनाच्या आईचा तेरावा

ॲमस्टरडॅमहून ट्राम आता थेट उइटहॉर्नपर्यंत येते. आमच्या वेळी यायची नाही. तेव्हा बस होती, आणि थांब्यावर उभं राहिलं की आम्स्टेल नदीवरून जे वारं सुटायचं ते कानटोपीलाही दाद द्यायचं नाही. परवा नायमेखनहून दादाकडे आले तर बसल्या जागी थांबे आले आणि गेले, एकदाही कान दुखले नाहीत, आणि मला उगाचच राग आला. इतकं सोपं करून ठेवायला नको होतं, असं वाटलं.

दादा-वहिनीनं घर विकलंय. पुढच्या महिन्यात दोघं पुण्याला जातील, कायमची. हॉलमध्ये खोकी रचलीत आणि त्यांच्यावर वहिनीच्या अक्षरात 'काचेचं', 'देव', 'टाकायचं का ते नंतर बघू' असं लिहिलंय. शेवटच्या प्रकारची खोकी सगळ्यात जास्त आहेत. वरच्या खोलीतलं कपाट रिकामं करायचं काम माझ्या वाट्याला आलं. वहिनी जिन्याच्या खालूनच म्हणाली, "तूच कर गं ते. मला वर गेलं की काही सुचत नाही."

कपाटाचं दार उघडलं आणि मी तशीच उभी राहिले. आत काही नव्हतं म्हणावं असं. दोन हँगर, एक फाटका मोजा, तळाला वर्तमानपत्र. पण वास होता. बामचा, अंगाला चोळायच्या शिआ बटरचा, आणि त्याखाली बुटांना चिकटून आलेल्या ओल्या गवताचा. इतकी वर्षं कपाट बंद ठेवलं म्हणजे वासही राहतो, हे मला माहीत नव्हतं. मी दार पुन्हा लावून घेतलं, जरा वेळानं परत उघडलं. तो तिथंच होता.

ही खोली क्वाबेनाची. घानाहून आलेला फुटबॉलपटू, वीस वर्षांचा, शहरातल्या एका क्लबच्या दुसऱ्या संघात डाव्या बाजूनं खेळणारा. मी तेव्हा ॲमस्टरडॅमला मास्टर्स करत होते आणि शेजारच्या छोट्या खोलीत राहत होते. इथले क्लब परदेशातून आलेल्या कोवळ्या खेळाडूंना एखाद्या घरात ठेवतात. घरचं जेवण, वेळेवर झोप, आणि दारात 'आलास का' विचारणारं कुणीतरी. क्लबची फिजिओ आमच्या रांगेतल्या शेवटच्या घरात राहायची. तिनं वहिनीला सहज विचारलं आणि वहिनीनं दादाला न विचारता हो म्हणून टाकलं. दादा-वहिनीला मूल नव्हतं. त्यावर घरात कुणी बोलत नसे आणि मीही इथं बोलणार नाही.

आमच्या मराठी ग्रुपात जराशी कुजबुज झालीच. पुण्या-मुंबईहून आलेली शिकली-सवरलेली माणसं, पण एकीनं वहिनीला विचारलंच, "आफ्रिकन मुलगा? घरात? जमेल ना गं?" वहिनी म्हणाली, "न जमायला काय झालं? तुमच्यासारखा पोळ्या मोजून खात नाही तो." तो विषय तिथं मिटला.

तो आला तेव्हा ऑक्टोबर होता. अंगात जाकीट म्हणजे पाऊस पडला की गाळून घेणारं, चाकांची एक बॅग, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोठी बरणी. आईनं दिलेली. बरणीत काळसर, तेलकट, तिखट असं काहीतरी होतं. वहिनीनं बोटावर घेऊन चाखलं आणि ओरडली, "अगं, ही तर सुकटीची चटणी!" खरंच, सुकी मासळी आणि मिरचीच होती ती. त्या रात्री दोघांनी भाकरीबरोबर ती चटणी खाल्ली. दादा आणि मी वरण-भात खात बघत राहिलो. पहिल्या जेवणातच ते दोघं एका पक्षाचे झाले आणि आम्ही विरोधी पक्ष.

त्यांच्याकडे जन्मवारावरून नाव ठेवतात. मंगळवारचा तो क्वाबेना. वहिनी म्हणाली, आमच्या सांगलीकडंही ठेवायचे, मंगळवारचा म्हणून मंगळ्या. मग ती रागावली की त्याला मंगळ्या म्हणायची. "मंगळ्या, ओले मोजे हीटरवर टाकू नकोस, कितीदा सांगितलं!" आणि तो तिला वहिनी म्हणायचा, कारण मी म्हणायचे. ते तिचं नावच आहे अशी त्याची समजूत होती. कुणी ती काढून टाकली नाही. फिजिओसुद्धा पुढं पुढं 'मिसेस वहिनी' म्हणायला लागली.

त्या हिवाळ्याचे आवाज मला अजून येतात. मागच्या बागेतल्या लाकडी शेडवर चेंडू आपटल्याचा आवाज, एकाच लयीत, अंधार पडेपर्यंत. शेजारची म्हातारी एलीस आधी तक्रार घेऊन आली, नंतर एक दिवस आवाज आला नाही तर विचारायला आली, मुलगा आजारी आहे का म्हणून. जुन्या टूथब्रशनं बूट घासल्याचा आवाज. आणि संध्याकाळी फोनवरून येणारा त्याच्या आईचा आवाज, मोठा, खडबडीत, मागे कोंबड्यांसकट. कुमासीजवळच्या गावात ती मासे धुरावून विकायची. फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला असे. ती तिकडं तिच्या भाषेत बोलायची, वहिनी इकडं मराठीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं समजत असल्यासारखं चालायचं. ती पातेल्यातलं दाखवायची, वहिनी कढईतलं. एकदा वहिनीनं पुरणपोळी दाखवली तर तिनं लाटण्याच्या हालचाली करून विचारलं, आत काय भरलंस? वहिनीनं डाळीची पिशवीच कॅमेऱ्यासमोर धरली. क्वाबेना मधे उभा राहून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत हसत असायचा. भाषांतर करायला त्याला दोघींपैकी कुणी सांगितलंच नाही.

मॅचला आम्ही जायचोच. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि वहिनीला माझ्याहून कमी. पण थर्मास, दोन कानटोप्या आणि दशम्यांचा डबा घेऊन ती मैदानाच्या डाव्या कडेला उभी राहायची, तो जिथं धावायचा तिथं. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात आणि त्याची कड पलीकडं जायची. मग वहिनी थर्मास उचलून, गोलच्या मागून, चिखलातून अख्ख्या मैदानाला वळसा घालून पलीकडं जायची. तिथं गर्दी कमी असे, त्यामुळं तिचा आवाज नीट ऐकू यायचा. "अरे दे ना त्याला, मेल्या! एकटाच काय पळतोयस!" एकदा त्यानं खरंच ऐकलं, चेंडू दिला, गोल झाला. तो धावत कडेला आला आणि हात जोडून तिला नमस्कार केला. डच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी घरी येईपर्यंत नुसती नाक ओढत होती. थंडीनं, म्हणाली.

मार्चमध्ये ती बातमी आली, चांगली बातमी. मुख्य संघातल्या डाव्या बाजूच्या खेळाडूची मांडी धरली होती. शनिवारी मुख्य संघाकडून क्वाबेना उतरणार. मोठं स्टेडियम, दिवे, टीव्ही. त्याचा करार उन्हाळ्यात संपत होता आणि तो वाढायचा की नाही ते अशाच एखाद्या शनिवारवर ठरतं, एवढं मलाही कळत होतं. क्वाबेनानं आईला सांगितलं तर ती फोन हातात घेऊन रस्त्यावर नाचली. तिच्याबरोबर शेजारणी नाचल्या. वहिनीनं आमच्या ग्रुपवर टाकलं आणि पोळ्या मोजणारीसकट सगळ्यांनी तिकिटं काढली.

गुरुवारी सकाळी त्याचा मामा फोनवर होता. आई पहाटे बाजारात निघाली होती, दारातच बसली आणि उठली नाही.

तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. एका पायात मोजा, दुसरा हातात. फोन त्यानं वहिनीपुढं धरला, कारण त्याला पुढं बोलता येईना. स्पीकरवर मामाचा आवाज शांत होता, जुन्या शाळामास्तरांसारखा. म्हणाला, "मॅडम, नो हरी. लेट हिम प्ले. वी आर कीपिंग हर. देअर इज टाइम." घाई नाही. त्याला खेळू द्या. आम्ही तिला ठेवतोय. वेळ आहे.

आता इथं वहिनीबद्दल सांगायला हवं. ती इथं नवीनच आली होती तेव्हा सांगलीला तिचे वडील गेले. घरच्यांनी फोनवर सांगितलं होतं, "अण्णांना जरा बरं नाहीये. घाईनं येऊ नकोस, सवडीनं ये." ते तेव्हा गेलेलेच होते. ती पोचली तर दारातल्या पेरूच्या झाडाला अस्थींचं गाठोडं टांगलेलं. पांढरं फडकं, वर सुतळी. तोंड बघायला मिळालं नाही. लोक समजूत घालत होते, तुला त्रास होऊ नये म्हणून सांगितलं नाही. तिनं त्यांना माफ केलं नाही. वरवर केलं असेल, पण पेरू ती आजही खात नाही.

म्हणून 'घाई नाही' हे शब्द तिच्या कानावर पडले आणि तिचा चेहराच बदलला. फोन ठेवल्याबरोबर ती दादाला म्हणाली, "आधी तिकीट बघ. आजचं मिळालं तर आजचं."

दादा म्हणाला, "अगं, पण ते स्वतःच म्हणतायत वेळ आहे..."

"मला म्हणाले नव्हते? असंच म्हणतात! परक्या देशात लेकरू आहे, त्याचं नुकसान नको म्हणून म्हणतात. आतून वाट बघत असतात रे. आणि किती वेळ ठेवणार ते तिला? एक दिवस? दोन?"

क्लबच्या कोचचा फोन आला. त्यानं दुःख व्यक्त केलं, आणि हेही म्हणाला की निर्णय मुलाचा आहे, फक्त शनिवार हा शनिवार आहे. क्वाबेना वहिनीकडं बघून इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. तिथं वेळ असतो, असंच काहीतरी. वहिनीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बाळा, सगळे असंच म्हणतात. मॅच परत येईल. आईचं तोंड परत दिसायचं नाही." हे सगळं ती मराठीत म्हणाली. त्याला कळलं, कारण तो रडायला लागला, त्या दिवशी पहिल्यांदाच. त्यालाही जायचंच होतं. विसाव्या वर्षी आई गेल्यावर कुणाला जायचं नसतं?

शुक्रवारी पहाटे दादा त्याला विमानतळावर सोडून आला. शनिवारी आम्ही मॅच टीव्हीवर बघितली. वहिनी बघायला बसली नाही, ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. त्याच्या जागी उतरलेल्या पोरानं दुसऱ्या अर्ध्यात गोल मारला. दादानं आवाज बंद केला.

क्वाबेना परत आला तेव्हा वहिनीनं त्याला दारातच थांबवलं. दुःखाच्या घरून आलेल्या माणसानं आधी आंघोळ करायची, मग घरात वावरायचं. तिनं बाथरूममध्ये पाणी काढून ठेवलं होतं, धुतलेले कपडे ठेवले होते. तो निमूटपणे आंघोळ करून आला आणि टेबलाशी बसला. समोर पिठलं-भात. आपल्याकडे अशा वेळी शेजारी आणून देतात ते. वहिनी त्याच्या शेजारी बसली, त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून. विचारलं, "दिसलं तोंड? यू सॉ हर फेस?"

तो ताटाकडं बघत होता. मग त्यानं मान वर केली. "येस, वहिनी. आय सॉ हर."

वहिनीनं जो सुस्कारा सोडला तो मी विसरणार नाही. एवढा मोठा श्वास एवढ्याशा बाईत कुठं होता कोण जाणे. मग ती रडली आणि रडता रडता त्याला वाढत राहिली. त्याचं ताट भरून वाहत होतं तरी तिचा हात थांबत नव्हता. तोही खात राहिला.

तेराव्याला तिनं त्याच्या आईचा फोटो देवाजवळच्या कोनाड्यात मांडला. सुपरमार्केटातून शेवंतीसारखी फुलं आणून स्वतः हार ओवला. गोड करायचं असतं, दुःख संपलं असं म्हणून. तिनं खीर केली, आणि नैवेद्याच्या पानात भाताशेजारी चमचाभर ती सुकटीची चटणी वाढली. बरणीत थोडीच उरली होती. भटजी नव्हते, मंत्र नव्हते. दादानं हात जोडले, मी जोडले. क्वाबेना फोटोसमोर बराच वेळ उभा होता. वहिनी मला हळूच म्हणाली, "आता मोकळी झाली गं बिचारी." नंतर त्यानं खीर दोनदा मागून घेतली. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, पोरगा सावरतोय.

त्यानंतर झाडांना पानं आली, नदीवर बोटी आल्या, लोक दारात खुर्च्या टाकून बसायला लागले. मुख्य संघातली जागा त्या दुसऱ्या पोराची झाली होती ती झालीच. क्वाबेना दुसऱ्या संघाकडून खेळत होता. शेडवरचा चेंडू वाजायचा, पण लय चुकायची. मे महिन्यातल्या एका शनिवारी तो मैदानावर उतरला तर मनगटाला लाल कापडाची पट्टी बांधलेली. रेफरीनं ती काढायला लावली. त्यानं ती सोडून मोज्यात खोचली. वहिनी कडेवरून ओरडली, "कुणी बांधली रे? कोण आहे ती?" मॅचला आलेले आमच्या ग्रुपातले लोक हसले. मीही हसले. त्या दिवशी तो वेड्यासारखा खेळला, एकही पास न देता, आणि मध्यंतरानंतर वहिनी नेहमीसारखी मैदानाला वळसा घालून त्याच्या कडेला गेली. ऊन छान होतं. थर्मासमध्ये चहाऐवजी सरबत होतं, एवढंसुद्धा मला आठवतं.

मेअखेरीस क्लबनं कळवलं की पुढच्या वर्षी नाही.

तो निघाला त्या दिवशी वहिनी विमानतळावर आली नाही. मला धीर नाही म्हणाली, दशम्या बांधून दिल्या, दारातच उभी राहिली. दादा ऑफिसात. बॅग ओढत मीच गेले त्याच्याबरोबर. बसमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. मला काहीतरी बरं बोलायचं होतं. म्हटलं, मॅच गेली त्याचं वाईट वाटतं, पण निदान आई तरी शेवटची भेटली ना तुला.

तो खिडकीतून बाहेर बघत होता. काचघरं मागं पडत होती, एकामागून एक. मग म्हणाला, नाही भेटली.

त्यांच्याकडे माणूस गेलं की लगेच पुरत नाहीत. आठवडे जातात, कधी महिने. दूरदूरचे नातेवाईक यायचे असतात, कापड ठरतं, मांडव ठरतो, सगळ्या गावाला सांगावं लागतं. तोवर शवागारात, बर्फात ठेवतात. मामा तेच सांगत होता. वेळ आहे, म्हणजे खरंच वेळ होता. अंत्यविधी मे महिन्यात ठरला होता. क्वाबेना मार्चमध्ये घाईघाईनं पोचला तर घरचेच चक्रावले, तू आत्ता का आलास, म्हणाले. त्याला तिला बघायचं होतं. मामानं दाखवलं नाही. तयारी न केलेली आई मुलानं बघायची नसते, न्हाऊ-माखू घालून, चांगलं नेसवून निजवतील त्या दिवशी बघ. तो शवागाराच्या बाहेर, भिंतीला लागून असलेल्या बाकावर रोज जाऊन बसायचा. मग क्लबचे फोन यायला लागले आणि तो परतला.

"मग मेमध्ये?" मी विचारलं.

मेमध्ये क्लब म्हणाला, आईसाठी म्हणून तू एकदा रजा घेतली आहेस. करारावर बोलायचंय, आत्ता जाऊ नकोस. तो गेला नाही. ज्या शनिवारी तिला पुरलं त्या शनिवारी तो इथं खेळत होता. लाल पट्टी त्यासाठीच होती. तिकडं त्या दिवशी घरचे सगळे लाल-काळ्या कापडात असतात.

मी हिशेब लावत गेले. आम्ही खीर खात होतो तेव्हा ती तिकडं बर्फात होती. फोटोला हार घातला तेव्हा तिला अजून माती मिळायची होती. आणि वहिनी म्हणाली होती, मोकळी झाली बिचारी.

"वहिनीला का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "शी वॉज सो हॅपी." मग म्हणाला, सगळ्यांनी मला खेळ म्हणून सांगितलं. मामानं, कोचनं, सगळ्यांनी. आईकडं जा असं सांगणारी ती एकटीच होती. तिला नको सांगूस. कधीच नको.

त्यानंतर मी त्याला इंटरनेटवर बघत आले. प्रत्येक फोटोत वेगळा शर्ट. निळा, छातीवर रंगाच्या कंपनीचं नाव. माल्टात पिवळा. अल्बेनियात पट्ट्यापट्ट्यांचा, तिथं म्हणे सहा महिने पगारच झाला नाही आणि तो मैदानाजवळच्या खोलीत पाव भिजवून खायचा. मग फिनलंड. एका फोटोत दाढी आलेली, पुढच्यात केस विरळ झालेले. कुठं तीन मॅच, कुठं एक. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्याच्या जागी गोल मारणारा तो पोरगा इंग्लंडला गेला, त्याची चित्रं इथल्या लहान मुलांच्या भिंतींवर असतात. त्यात त्या पोराचा काय दोष? दोष कुणाचाच नाही, आणि मला हेच सहन होत नाही. दोषी माणूस सापडला असता तर मी त्याच्यावर चांगली ओरडले असते. पण इथं एकच माणूस आहे, आणि तिनं त्याच्यावर आईइतकी माया केली.

कपाट रिकामं करून मी खाली आले. वहिनी खोकी बांधत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "काही निघालं?"

"एक मोजा."

"दे इकडं." तिनं तो झटकला, घडी केली आणि 'टाकायचं का ते नंतर बघू'मध्ये ठेवला. मग जमिनीवरच बसली. केस पांढरे झालेत तिचे, गुडघे दुखतात. म्हणाली, "इथं एवढी वर्षं राहिले, काय केलं गं मी? नोकरी धड नाही, भाषा धड नाही. एकच काम बरोबर केलं. त्या पोराला वेळेवर आईकडं पाठवलं. अण्णांचं मला बघायला मिळालं नाही, पण त्याचं चुकू दिलं नाही. तो विचार आला की मला झोप लागते बघ."

मी चिकटपट्टीचं टोक शोधत राहिले.

दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला, घर सुटतंय म्हणून मुद्दाम केलेला. तो आता फिनलंडच्या उत्तरेला एका लहान गावात असतो. संध्याकाळी गावच्या संघाकडून खेळतो आणि सकाळी शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो. वहिनीनं त्याला फोनवरून सगळं घर दाखवलं, रिकाम्या भिंतींसकट. जेवलास का, काय जेवलास, बर्फ किती आहे, सगळं झालं. मग ती खोक्यावर बसली, मी तिच्या शेजारी. तिला काय विचारायचंय ते मला कळलं. दादा म्हणतो, ती दर फोनला विचारते.

"क्वाबेना, टेल मी अगेन. कशी दिसत होती रे आई?"

स्क्रीनवर त्यानं माझ्याकडं बघितलं. एवढंच, क्षणभर. मग तो सांगायला लागला. पांढरी लेस नेसवली होती. गालांवर थोडी पावडर लावली होती. झोपल्यासारखी वाटत होती, आता उठून काहीतरी बोलेल अशी. अंत्यविधीचा व्हिडिओ त्याच्याकडे आला होता. तो उघडला नाही आणि कधी उघडणारही नाही, असं त्यानं मला बसमध्ये सांगितलं होतं. वहिनी डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते. ती जे तोंड बघत होती ते कुमासीचं नव्हतं, सांगलीचं होतं, हे मला दिसत होतं.

"हात लावलास?" तिनं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की हे तिनं आजवर विचारलं नव्हतं.

"येस, वहिनी. हर फेस."

"गार होता का रे?"

हा शब्द त्याला इथंच, वहिनीनं शिकवला होता. त्याच्यामागं खिडकीत पांढरं पांढरं दिसत होतं. फोन अडकला की काय म्हणून वहिनीनं तो जवळ धरला.

"नाही वहिनी," तो मराठीत म्हणाला. "गार नव्हता."

वहिनीनं डोळे उघडले आणि माझ्याकडं वळली. सगळा चेहरा ओला, आणि इतकी शांत मी तिला कधी बघितली नव्हती.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "म्हणून घाई केली गं मी."

"हो वहिनी," मी म्हटलं.